झाकण उघडायचं नव्हतं

मी लॅब टेक्निशियन आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लोकांचे बेडके, रक्त आणि लघवी तपासते. लग्नाकार्यात हे सांगितलं की पाहुण्यांची तोंडं वाकडी होतात. होऊ देत. मला माझ्या कामाची कधी लाज वाटली नाही. वाटली ती एकदाच, आणि ती वेळ ज्यांनी आणली त्या साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

आमच्याकडे क्षयरोग तपासायचं नवं मशीन आलं तेव्हा मी हरखून गेले होते. आधी बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि डोळे फुटेस्तोवर सूक्ष्मदर्शकातून जंतू शोधत बसायचं. दुसरी मोठी मशीनं जिल्ह्याच्या ठिकाणी होती. त्यांना एसी लागतो, कारण ती नमुना सारखा तापवतात, थंड करतात, पुन्हा तापवतात. आमच्याकडे पंखा चालेल याचीसुद्धा खात्री नाही. हे नवं मशीन मात्र पोळ्यांच्या डब्याएवढं, आणि त्याचं सगळं काम एकाच तापमानावर. बेडक्यातून काढलेला अर्क आणि रसायन बारीक नळीत घालायचं, झाकण दाबायचं, नळी मशीनमध्ये ठेवायची. क्षयाच्या जंतूच्या डीएनएचा एखादा तुकडा जरी त्यात असला तरी पाऊण तासाच्या आत त्याच्या कोट्यवधी नकला तयार होतात आणि नळी हिरवी उजळते. जंतू नसला तर नळी अंधारी राहते. लहान पोरालाही निकाल सांगता येईल इतकं सोपं.

मला ट्रेनिंगला सोलापूरला पाठवलं होतं. शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या. त्यांनी दोन गोष्टी आमच्याकडून घोकून घेतल्या. पहिली, एकदा मशीनमध्ये गेलेली नळी पुन्हा कधीही उघडायची नाही. बंदच टाकून द्यायची. आत त्या नकला इतक्या झालेल्या असतात की झाकण उघडणं म्हणजे बंद खोलीत मिरचीची पूड उधळणं. टेबलावर, हातमोज्यांवर, पंख्याच्या पात्यावर, सगळीकडे त्या बसतात. त्यातून कुणाला रोग होत नाही, पण त्यानंतर त्या खोलीत जो नमुना तपासाल त्यात मशीनला क्षय सापडतो. दुसरी गोष्ट, प्रत्येक वेळी एका नळीत नुसतं शुद्ध पाणी घालायचं. ती अंधारीच राहिली पाहिजे. पाण्याची नळी उजळली तर त्या वेळचे सगळे निकाल कचऱ्यात टाकायचे, मग समोर कुणी का उभा असेना.

मला हे पाठ होतं. आजही झोपेतून उठवून विचारा.

नवरात्रात आमच्याकडे सगळा जिल्हा तुळजापूरच्या दिशेनं तोंड करून असतो. अर्धा स्टाफ यात्रेच्या आरोग्यपथकात गेलेला होता. जे उरलो होतो त्यांना साहेबांनी, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, सांगितलं की खंडेनवमीला नव्या मशीनची पूजा करायची, पाहुणे बोलवायचे, फोटो काढायचे. पूजेला माझी ना नव्हती. माझं माहेर अणदूरकडचं, शेतकऱ्याचं. खंडेनवमीला विळे, कोयते, कुऱ्हाडी धुऊनपुसून ओळीनं मांडलेल्या बघतच मी मोठी झाले. पेटीतली हत्यारं त्या दिवशी पेटीबाहेर काढतात. झाकून ठेवलेल्या वस्तूची पूजा आमच्याकडे कुणी करत नाही.

नेमकं हेच साहेबांच्या डोक्यात होतं. मशीनला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. मग साहेब म्हणाले, "मॅडम, त्या उजळलेल्या नळ्या आणा. खरं हत्यार त्याच आहेत. ताटात मांडा."

मी आदल्या दिवशीच्या नळ्या आणल्या. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "झाकणं काढा की. विळा काय म्यानात घालून पुजतात का तुमच्याकडं?"

"सर, ह्या उघडायच्या नसतात. ट्रेनिंगला सांगितलंय."

"ट्रेनिंगला पुष्कळ सांगतात," ते म्हणाले आणि पाहुण्यांकडे बघून हसले. पाहुणेही हसले. "एक मिनिटाचं काम आहे. फोटो झाला की टाकून द्या."

मी ती झाकणं उघडली. माझ्या हातांनी, एकेक करून, ज्या टेबलावर रोज नमुने तयार करते त्याच टेबलावर. वर पंखा गरगरत होता. नळ्यांवर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, टाळ्या झाल्या. फोटोत मी ताट धरून उभी आहे आणि हसते आहे. तो फोटो कुणी दाखवला की मला अजून तो टराटरा फाडावासा वाटतो.

दसऱ्यानंतर मशीन सुरू केलं आणि पाण्याची नळी उजळली.

मी धावत साहेबांकडे गेले. ते म्हणाले पाणी खराब असेल, बदला. नवी बाटली फोडली. पुन्हा नळी उजळली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते वैतागले. "अहो, रसायन आधीच कमी येतंय. ते पाण्यावर कशाला घालवता? पाण्याला टीबी होतो का?" स्वतःच्या विनोदावर ते इतका वेळ हसले की मलाही ओशाळवाणं हसावं लागलं. "उद्यापासून पाण्याची नळी बंद. पेशंटचे नमुने लावा."

मी बंद केली. माझी नोकरी कंत्राटी आहे, दर अकरा महिन्यांनी मुदतवाढीला सही साहेबांचीच लागते, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. ते खरंही आहे. पण त्यानं मी काही सुटत नाही.

मग आमच्याकडे क्षयाचे रुग्ण भराभर सापडायला लागले. जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये साहेबांचं कौतुक झालं. एवढे रुग्ण एवढ्या लवकर कुणी शोधले नव्हते म्हणे. ते पुष्पगुच्छ घेऊन आले आणि तो माझ्या टेबलावर, मशीनशेजारी ठेवला.

त्याच दिवसांत ती आली. पंचेचाळिशीची, सडसडीत, पदर खोचलेला. तेरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तीन आठवडे खोकला होता. बेडक्याची डबी माझ्याकडे देताना तिनं ती चटकन सोडली नाही.

"मॅडम, ह्यो रिपोर्ट कुणाच्या हातात जातो?"

"तुमच्या. औषध लागलं तर आमच्या रजिस्टरला."

"शाळंत जात न्हाय ना?"

"शाळेत कशाला जाईल?"

तेव्हा तिनं सांगितलं. ती गावच्या शाळेत दुपारची खिचडी शिजवायची. "आमी बौद्ध. मी चुलीला लागल्यापासनं वरल्या आळीची पोरं घरनं डबा आणत्यात. तोंडानं कुणी काय म्हणत न्हाय. कायदा हाय, म्हणायची छाती न्हाय. पण कारण शोधायलेत. कवा मीठ जास्त झालं, कवा खडा लागला. आता खोकला आला तर हेडसर म्हणले, तपासून कागद आणा. म्हणून आले. ह्या कामावर माझं लई मन हाय, मॅडम. दीडशे लेकरं माझ्या हातचं खात्यात. ज्यांला खायाचं न्हाय त्यांचं जाऊ द्या. चांगला कागद द्या."

"कागद मी देत नाही ताई, मशीन देतं," मी म्हणाले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

तिची नळी हिरवी उजळली. मी रजिस्टरला नोंद केली, सही केली आणि दुसरा नमुना हातात घेतला.

क्षयाचा रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातल्या लोकांना तपासायला आमचं पथक जातं. तिचे संपर्कातले म्हणजे शाळा. जीप सरळ शाळेच्या पटांगणात गेली. हेडसरांनी पथकाकडून रिपोर्टची प्रत मागून घेतली आणि ती पालकसभेत वाचून दाखवली. कुणी द्यायची नसते ती प्रत, आणि कुणी वाचायची नसते. पण दिली आणि वाचली. तिला त्याच दिवशी चुलीवरून उठवलं. ती वापरायची ती पातेली आणि पळ्या टाकून देऊन नवी भांडी आणली.

क्षय भांड्यांतून पसरत नाही. हे आम्ही मोठ्या अक्षरांत छापून दवाखान्याच्या भिंतींवर चिकटवलंय. शाळेच्या भिंतीवरही चिकटवलं असेल.

ती गोळ्या न्यायला यायची. पोटात मळमळायचं, अन्न जात नव्हतं, लघवी लाल झालेली बघून घाबरली होती. गोळ्यांनी तसं होतं, काळजी करू नका, हे मी तिला समजावलं. ती माझ्याकडे बघायची नाही. मी सरकारी पंख्याखाली बसून तिला धीर देत होते आणि वाटत होतं की आपण भलं काम करतोय.

एकदा गोळ्या हातात घेताना ती सहज म्हणाली, "खोकला तर गेला. चूल सुटली त्याच्या तिसऱ्या दिशीच गेला. गोळ्या तर त्याच्या मागनं चालू झाल्या. सिलिंडर संपला की वल्ल्या लाकडांवर शिजवावं लागायचं, त्याचाच धूर असंल."

मी तिचा जुना एक्स-रे फाइलीतून काढून पुन्हा बघितला. छाती स्वच्छ होती. तो एक्स-रे आधीही माझ्या समोरून गेला होता, पण मशीननं सांगितल्यावर एक्स-रेकडे कोण बघतंय?

त्या दुपारी साहेब मीटिंगला गेले होते. मी मशीनच्या सगळ्या जागांवर पाण्याच्या नळ्या लावल्या. कुणाचा बेडका नाही, काही नाही. सीलबंद बाटलीतलं शुद्ध पाणी. झाकणं दाबली आणि खुर्ची ओढून समोर बसले. सगळ्या नळ्या उजळल्या. एकूण एक. खोलीत मी एकटीच होते आणि मोठ्यानं शिवी दिली. कुणाला दिली ते मलाही माहीत नाही. मग रजिस्टर उघडून खंडेनवमीनंतरची नावं वाचत गेले. त्या प्रत्येक नावापुढं माझी सही होती.

साहेब आल्यावर त्यांना नळ्या दाखवल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कुणाला सांगितलंत का?"

"अजून नाही. आता सांगणार आहे."

"मॅडम, जरा शांत डोक्यानं घ्या. गोळ्यांनी कुणी मरत नाही. खोली धुऊन घेऊ, पुढचे रिपोर्ट नीट देऊ. मागचं कशाला उकरायचं?"

आयुष्यात मी कुठल्या अधिकाऱ्यापुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला, आणि इतका की ओपीडीतली माणसं दाराशी जमली. गोळ्यांनी कुणी मरत नाही म्हणे! बिनआजाराची माणसं ओकाऱ्या काढत होती. एका बाईची चूल गेली होती. आणि ह्यांना काळजी कशाची, तर पुष्पगुच्छ परत द्यावा लागेल याची. मी त्याच संध्याकाळी सगळं लिहून जिल्ह्याला पाठवलं. झाकणं कुणी उघडायला सांगितली तेही लिहिलं आणि कुणी उघडली तेही लिहिलं.

मशीन बंद केलं. खोली ब्लीचनं धुतली, पंखा उतरवून पुसला. सगळ्यांचे नमुने पुन्हा घेऊन जिल्ह्याच्या लॅबला पाठवले. काहींना खरोखर क्षय होता. बऱ्याच जणांना नव्हता. तिला नव्हता. गोळ्या थांबवल्या आणि साहेबांच्या सहीचा नवा कागद निघाला. त्यात लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणास्तव अहवालात दुरुस्ती करण्यात येत आहे.' उघड्या नळ्यांवर हळद-कुंकू वाहिलं, त्याला हे तांत्रिक कारण म्हणत होते.

तो कागद पोस्टानं पाठवायचा होता. मी म्हणाले, मी नेते. एसटीनं तेरपर्यंत गेले आणि तिथून टमटमनं तिच्या गावात. ती दारात हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. तिनं मला पाणी दिलं. मी कागद पुढं केला आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला टीबी नव्हता. चूक झाली."

"मशीन चुकलं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "मी चुकले." आणि सगळं सांगितलं. पूजा, उघडलेली झाकणं, पंखा, पाण्याच्या नळ्या. ती भाजी निवडायची थांबली होती.

"पाण्यातबी टीबी निघाला म्हणता?"

"हो."

"मग तुमी काय केलं?"

"मशीन बंद केलं. खोली धुतली. सगळ्यांचं परत तपासलं."

तिनं माझ्या हातातला कागद घेतला. मग म्हणाली, "मंजी पाण्यात निघाला तवा मशीन खोटं. माझ्यात निघाला तवा मी खोटी."

तिनं दोन कानाखाली दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. तिनं दिल्या नाहीत. भाजी बाजूला सारून ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "चला. शाळंत आत्ता जेवणाची सुट्टी असंल."

शाळेच्या व्हरांड्यात मुलं रांगेनं बसली होती. ताटल्यांत खिचडी होती. नवी बाई वाढत होती, वरल्या आळीतली, पण तीही गरिबाघरचीच, तिचा काही दोष नव्हता. दोनचार पालक आणि शाळा समितीचे अध्यक्ष झाडाखाली उभे होते. हेडसरांनी मला खुर्ची दिली. तिला दिली नाही. मी बसले नाही. त्यांनी कागद वाचला आणि तोंडभर हसून म्हणाले, "वा वा, फार छान झालं. आजार नाही म्हणजे मोठीच चिंता मिटली."

"मग यांना कामावर परत कधी घेताय?" मी विचारलं.

"आता दुसऱ्या बाई लागल्यात ना, मॅडम. त्यांना कसं काढणार?" मग आवाज खाली आणून, पण ती शेजारीच उभी असताना, म्हणाले, "आणि खरं सांगू का? आता एकही पोरगं डबा आणत नाही. शंभर टक्के मुलं जेवतात. मुलं का जेवत नाहीत म्हणून वरच्या ऑफिसातनं सारखी विचारणा व्हायची, ती बंद झाली. सगळं सुरळीत चाललंय, कशाला पुन्हा..."

या माणसाला आजार कधी नकोच नव्हता. त्याला एक कागद हवा होता आणि तो मी त्याला माझ्या सहीनं दिला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"थांबा मॅडम. तुमी नका बोलू."

तिनं हेडसरांच्या हातातून कागद काढून घेतला आणि व्हरांड्याच्या पायरीवर चढली. "मागल्या टायमाला माझा रिपोर्ट हेडसरांनी पालकसभेत वाचला व्हता," ती मोठ्यानं म्हणाली. "ह्यो मी वाचते." ती सातवीपर्यंत शिकलेली. एकेका शब्दावर थांबत, साहेबांची ती बोजड सरकारी भाषा तिनं शेवटपर्यंत वाचली. 'क्षयरोगाचे जंतू आढळून आलेले नाहीत' हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. मुलांनी खायचं थांबवलं होतं. झाडाखालची माणसं जवळ आली होती.

कागदाची घडी करून ती हेडसरांकडे वळली.

"आजार न्हाय. कागद हाय. आता मला चुलीवरनं का उठवलं ते सांगा. ह्या लेकरांम्होरं सांगा."

हेडसर माझ्याकडे बघायला लागले, मी मधे पडून काहीतरी सावरून घेईन या आशेनं. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. अध्यक्ष खाली वाकून चपलेचा अंगठा सारखा करायला लागले. हेडसरांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा ठेवला. त्यांना कारण सांगता आलं नाही. आणि ते कारण तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, खिचडीत हात घालून बसलेल्या पहिलीतल्या लेकरांनासुद्धा.